बासमतीला दिलं ते इंद्रायणीलाही द्या

जनुकांच्या खुणा तपासून तयार केलेलं रोगप्रतिकारक भात सातारा-सांगलीच्या डोंगरपट्ट्यात येऊ देऊ नका, असं सांगणारी माणसं शिराळ्यात भेटतात, पाटणला भेटतात, वाईच्या पश्चिम भागात भेटतात. त्यांतली बहुतेक माझ्या आदराची आहेत. कुणी जुन्या भातांचं बी वर्षानुवर्षं जपलंय, कुणी विषमुक्त शेतीसाठी पदरमोड करून गावं पालथी घातलीत. त्यांचं म्हणणं असं की ही नाव बदलून आणलेली जीएम पिकं आहेत, देशी वाण मुळातच काटक असतात, आणि एकदा प्रयोगशाळेचं बी खाचरात शिरलं की शेतकरी कंपन्यांच्या दावणीला बांधला जाणार. याच निष्कर्षाला अगदी उलट वाटेने पोचणारेही आहेत. ते म्हणतात, दुकानात औषध मिळतं, करपा दिसला की फवारा. सांगली म्हणजे ऊस, हळद, द्राक्षं, तिथल्या चार खाचरांसाठी नवा वाण काढायचा उद्योग कशाला?

मला ही दोन्ही मतं साफ चुकीची वाटतात. त्या चुकीचा भार उचलतो तो उताराच्या जमिनीवर वर्षातून एकदाच पीक घेणारा शेतकरी. म्हणून हा प्रतिवाद.

आधी ती जमीन पाहू. जत, आटपाडी पावसाची वाट पाहत असतात तेव्हा त्याच सांगली जिल्ह्यात वारणेच्या खोऱ्यात, चांदोलीकडे जावं तसा पाऊस वाढत जातो. शिराळा तालुक्यात मे महिन्याच्या अखेरीस, रोहिणीच्या सुमारास, कोरड्या धुळीत भात पेरतात. ही धूळवाफ पेरणी म्हणजे पाऊस येईल या भरवशावर टाकलेलं बी. पाटणमध्ये कोयनेच्या खोऱ्यात, जावळीत, महाबळेश्वरच्या उतारावर तरवा टाकून, चिखलणी करून रोपं लावतात. पाऊस सरला की यातल्या कितीतरी ताली कोरड्या पडतात. घरातला वर्षाचा तांदूळ आणि जनावरांची पिंजर, दोन्ही त्या एकाच पिकावर. ज्याच्याकडे पाटाचं पाणी आणि ऊस आहे त्याचं एक पीक गेलं तर तो अडचणीत येतो. इथे गेलं तर तांदूळ विकत आणून खावा लागतो.

आणि करप्याला नेमकं हेच हवामान मानवतं. दिवसेंदिवस न हटणारं आभाळ, बारीक पाऊस, तासन्‌तास ओली राहणारी पानं, गार रात्री. मॅग्नापोर्थे ओरायझी ही बुरशी पानावर पडली की दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी असे ठिपके उमटतात. पानावरचा करपा पीक पुष्कळदा सोसून नेतं. खरा घात होतो लोंबी बाहेर पडताना. बुरशी लोंबीच्या मानेशी बसते, ती जागा काळी पडते, अन्नरस वर चढायचा थांबतो आणि लोंबी पांढरी, पोचट होऊन उभी राहते किंवा मोडून लोंबते. याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. तोवर शेतकऱ्याचं बियाणं, खत, भांगलण, मजुरी सगळं जमिनीत जाऊन बसलेलं असतं, आणि हाती यायला थोडेच दिवस उरलेले असतात.

दुसरा रोग कडा करपा. हा बुरशीचा नाही, झँथोमोनास जातीच्या जिवाणूचा. पानाच्या टोकाकडून कडेकडेने पिवळा, नागमोडी पट्टा खाली उतरत जातो आणि पान वाळतं. वाऱ्याबरोबर येणाऱ्या पावसाने आणि वाहत्या पाण्याने हा जिवाणू पसरतो. सपाट प्रदेशात एखादा आपलं शेत स्वच्छ ठेवून निदान काही काळ सुटेल. आपल्याकडे वरच्या तालीचं पाणी खालच्या तालीत उतरतं, आणि त्याबरोबर वरच्याचा रोगही. आपापल्या शेतापुरता बंदोबस्त करण्याचा सल्ला इथे अपुरा पडतो. रोपातच प्रतिकारशक्ती हवी, या माझ्या आग्रहामागे उताराची ही रचना आहे.

आता ‘हे जीएमच आहे’ या मुद्द्याकडे येतो, कारण बाकीची भीती त्याच्यावरच उभी आहे.

मार्करच्या मदतीने वाण तयार करताना संकर नेहमीसारखाच होतो. एका भाताच्या फुलातले पुंकेसर काढून टाकायचे, त्यावर दुसऱ्या भाताचा पराग टाकायचा, दाणा धरू द्यायचा. हे काम चिमट्याने आणि हाताने होतं, आणि भातपैदासकार ते शंभर वर्षांपासून करत आले आहेत. नवं आहे ते यानंतरचं. दाण्यांपासून रोपं उगवली की प्रत्येकाच्या पानाचा लहानसा तुकडा घेऊन त्यातला डीएनए काढतात. प्रतिकारशक्ती देणाऱ्या जनुकाच्या अगदी शेजारी, किंवा खुद्द त्या जनुकात, डीएनएचा एक ओळखीचा तुकडा असतो. तोच मार्कर. पीसीआर यंत्रात त्याच्या असंख्य प्रती काढून जेलवर सोडल्या की पट्टी कुठे दिसते त्यावरून कळतं, या रोपाला ते जनुक मिळालं की नाही. मिळालेली रोपं ठेवायची, बाकीची उपटून टाकायची. रोपाच्या डीएनएत कुणी काही घातलेलं नसतं, कापलेलं नसतं. फक्त पाहिलेलं असतं.

जीएम पिकात जनुक प्रयोगशाळेतून थेट पेशीत घालतात. त्यासाठी १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, त्याखालचे १९८९ चे नियम आणि केंद्राची जनुकीय मूल्यमापन समिती आहे. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि बीटी वांगं २०१० मध्ये रोखलं गेलं ते याच व्यवस्थेत. मार्करने निवडलेला भाताचा वाण त्या व्यवस्थेत येतच नाही, कारण त्यात जनुकांतरण झालेलं नसतं. तिसरी गोष्ट जनुक संपादनाची. ४ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राईस १’ हे जनुक संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांच्यावर चर्चा व्हायला हवी, कठोर प्रश्न विचारायला हवेत, आणि ते विचारणाऱ्यांत मीही असेन. पण ती वेगळी चर्चा आहे. तिन्ही गोष्टी एका पोत्यात भरल्या तर ज्याला हरकत घ्यायची त्यालाही नेमकी कशावर घ्यायची ते कळत नाही.

शंका घेणाऱ्यांच्या बाजूची एक खरी गोष्टही सांगितली पाहिजे. कडा करप्याविरुद्धचं सर्वांत गाजलेलं जनुक, एक्सए२१, आफ्रिकेतल्या माली देशातल्या ओरायझा लाँजिस्टॅमिनाटा या रानभातातून आलेलं आहे. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गुरदेव खुश आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षं संकर करत ते लागवडीच्या भातात आणलं आणि १९९० मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात पामेला रोनाल्ड यांच्या गटाने ते जनुक वेगळं काढलं, आणि त्यानंतर ते थेट पेशीत घालून जीएम भाताच्या ओळीही प्रयोगशाळांत तयार झाल्या. म्हणजे एकच जनुक दोन वाटांनी प्रवास करू शकतं. म्हणून शेतकऱ्याने विचारायचा नेमका प्रश्न असा: या वाणात ते संकरातून आलं की बाहेरून घातलं? हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि सीसीएमबी या तिथल्याच जीवशास्त्र संस्थेने मिळून केलेला, २००८ मध्ये प्रसारित झालेला ‘सुधारित सांबा मसुरी’ हा संकरातून आला आहे. त्यात एक्सए२१, एक्सए१३ आणि एक्सए५ अशी तीन जनुकं एकत्र आहेत.

एवढा खटाटोप कशाला, नुसता संकर करून शेतात निवड करता येत नाही का, असं कुणी विचारेल. इथे एक्सए१३ ची हकिगत सांगायलाच हवी, कारण मार्करची गरज तिच्याइतकी स्पष्ट दुसऱ्या कशातून दिसत नाही. कडा करप्याचा जिवाणू पानात शिरला की त्याला साखर लागते. भाताच्या पेशीत साखर बाहेर सोडणारं एक दार असतं, आणि जिवाणू आपल्या एका प्रथिनाने त्या दाराची घंटा वाजवून ते उघडायला लावतो. एक्सए१३ असलेल्या भातात दार तेच असतं, पण घंटा जिवाणूच्या हाताला लागत नाही. त्याची उपासमार होते. मात्र हे जनुक अप्रभावी आहे. आई आणि बाप दोन्हींकडून त्याची प्रत मिळाली तरच रोप वाचतं. एकच प्रत मिळालेलं रोप शेतात इतर रोगट रोपांसारखंच दिसतं, पण पैदासकाराला पुढच्या पिढीसाठी हवं असतं तेच. नजरेने निवड करणारा त्याला रोगट समजून उपटून टाकील. शिवाय त्याच रोपात एक्सए२१ आधीच असेल तर एक्सए१३ तपासायचीही सोय उरत नाही. जिवाणूच्या द्रावणात बुडवलेल्या कात्रीने पानाची टोकं छाटून रोग लावायची जुनी रीत आहे. तिने एवढंच कळतं की रोप वाचलं. ते एका जनुकामुळे वाचलं की तीन जनुकांमुळे, हे कात्री सांगू शकत नाही. जेलवरची पट्टी सांगते.

चव आणि वासाची काळजीही इथेच बोलून घेऊ, कारण ती रास्त आहे. दुसऱ्या भाताशी संकर केला की निम्मा वारसा परका येतो. म्हणून ती संतती मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकरित करतात. याला बॅकक्रॉस म्हणतात, आणि दर वेळी परका वाटा सरासरीने निम्मा होतो. पहिल्या बॅकक्रॉसनंतर मूळ वाण ७५ टक्के, दुसऱ्यानंतर ८७.५, तिसऱ्यानंतर जवळजवळ ९४. मार्कर असले की सरासरीच्या पुढे गेलेली रोपं शोधून काढता येतात आणि सांबा मसुरी सांबा मसुरीच राहते. सुवासिक भाताच्या सुवासामागचं मुख्य जनुक आठव्या गुणसूत्रावर आहे, आणि एक्सए१३ सुद्धा आठव्याच गुणसूत्रावर. प्रतिकार आणताना सुवास निसटण्याचा धोका त्यामुळे खराच आहे. त्यावर लक्ष ठेवायलासुद्धा मार्करच उपयोगी पडतो. सुवासाची ज्याला चिंता आहे त्याने तर या पद्धतीचा आग्रह धरायला हवा.

‘देशी वाण काटक असतात’ या म्हणण्याचा मला राग येत नाही, कारण त्यात अनुभव आहे. जुनी उंच भातं कमी खतावर वाढायची. युरियाचा मारा नव्हता, पानं कोवळी लुसलुशीत होत नव्हती, करप्याला आयतं खाद्य मिळत नव्हतं. खताची शिस्त पाळली तर रोग कमी होतो, हे आजही खरं आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत तुसाची राख, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या आहेत. राखेतल्या सिलिकाने पान कणखर होतं आणि गोळीमुळे नत्र सावकाश मिळतं. ही पद्धत प्रत्येक खाचरात जावी असंच मी म्हणेन. पण देशी म्हणजे रोगप्रतिकारक हे समीकरण चुकीचं आहे. बासमती ३७० हे पूर्ण देशी भात, आणि ते करप्यालाही बळी पडतं आणि कडा करप्यालाही. उलट एक्सए१३ मिळालं ते बीजे१ नावाच्या भारतीय भातातून. ग्रासी स्टंट या विषाणूवर जगभर उपयोगी पडलेलं जनुक उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ओरायझा निवारा या रानभातात सापडलं. करप्याविरुद्धचं पीआय५४ हे व्हिएतनामच्या टेटेप या भातातून ओळखून दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं. कोणत्या देशी भातात काय दडलं आहे हे त्याच्या देशीपणावरून कळत नाही, तपासावं लागतं.

म्हणून बीजरक्षकांना माझं सांगणं आहे की तुम्ही जपलेलं बी आणि हे तंत्र एकाच बाजूला आहेत. पाटणच्या, जावळीच्या घरांत आजही कणगीत ठेवलेल्या जुन्या भातांत करप्याला तोंड देणारं एखादं जनुक असेल, नसेलही. ते कळेल तेव्हाच तुमच्या जपणुकीला शास्त्राची आणि सरकारची दाद मिळेल. तपासणीला विरोध करून तुम्ही आपल्याच बियाण्याची साक्ष नाकारता आहात.

आणि ज्या इंद्रायणीच्या नावाने ‘आपलं पारंपरिक भात’ म्हणून अभिमान मिरवला जातो ती कुठून आली? वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून, १९८७ मध्ये, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. आयआर ८ हा फिलिपिन्सच्या संस्थेचा १९६६ चा बुटका वाण, त्याचे आईबाप इंडोनेशियाचे आणि तैवानचे. आंबेमोहोराचा सुवास आणि आयआर ८ चं उत्पन्न एकत्र आलं आणि चार दशकांच्या आत ते भात इतकं आपलं झालं की त्याचं परदेशी आजोळ कुणाला आठवतही नाही. मला त्यात आनंद आहे. पण ज्याने आयआर ८ पचवला त्याने मालीच्या रानभातातल्या एका जनुकाला परकं म्हणून दारातून परतवू नये.

फवारणीवाल्यांना उत्तर द्यायला जास्त जागा लागत नाही. कडा करप्यावर खात्रीचं औषध नाही. ताम्रयुक्त औषध आणि स्ट्रेप्टोसायक्लिन यांची जी शिफारस चालत आली तिच्यातला दुसरा घटक माणसाच्या उपचारात वापरलं जाणारं प्रतिजैविक आहे, आणि शेतीतला स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२१ मध्येच काढला. करप्यावरचं ट्रायसायक्लॅझोल काम करतं, हे मी नाकारत नाही. पण ते वेळेवर, पान कोरडं असताना फवारावं लागतं, आणि आषाढ-श्रावणात कोयनेच्या खोऱ्यात तशी उघडीप सलग किती वेळ मिळते हे तिथल्या शेतकऱ्याला विचारा. युरोपीय संघाने तांदळात या औषधाच्या अंशाची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली आणि २०१८ पासून ती बासमतीला लागू झाली, तेव्हा निर्यातदार हादरले. इंद्रायणी युरोपात जात नाही. ती आपली मुलं खातात, आणि त्यांच्या ताटातल्या अंशाची चौकशी करायला कुठलं बंदर आडवं येत नाही.

कंपन्यांच्या भीतीत तथ्य आहे, पण ते दुसऱ्या ठिकाणी लागू पडतं. संकरित भाताचं बी दर वर्षी नवं घ्यावं लागतं, कारण घरचं पेरलं तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. शिराळा-पाटणच्या दुकानांत असं बी विकलं जातं आणि शेतकरी ते घेतात. त्यावर बोला, मी तुमच्याबरोबर आहे. सुधारित सांबा मसुरी किंवा पुसा बासमती १८४७ हे मात्र सरळ वाण आहेत. त्यांचं बी शेतकरी मळणीतून बाजूला काढून पुढच्या वर्षी पेरू शकतो. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने त्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा, अगदी विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाण ब्रँडच्या पिशवीत भरून विकता येत नाही. हे सगळे वाण सरकारी संस्थांचे, लोकांच्या पैशातून झालेले आहेत. सार्वजनिक संस्थांना हे काम करू दिलं नाही तर ते थांबणार नाही. ते खासगी कंपन्या करतील, आणि त्या वेळी ते बी संकरितच असेल.

या चर्चेत दादाजी खोब्रागडे यांचं नाव माझ्या विरोधात घेतलं जातं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या या शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातली वेगळी लोंबी हेरून एचएमटी भात घडवलं, तेही कसल्याही प्रयोगशाळेशिवाय. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेलं मोल त्यांच्या कामाच्या तुलनेत फारच कमी होतं. त्यांच्या नजरेपुढे मी नम्र आहे. पण त्यांनी जे हेरलं ते दिसणारं होतं: दाण्याचा बारीकपणा, लोंबीचा रंग. अप्रभावी जनुकाची एकच प्रत दादाजींनाही दिसली नसती, कारण ती डोळ्याला दिसतच नाही. दादाजींकडून घ्यायचा धडा वेगळा आहे. वाण कुठला सुधारायचा, दाणा कसा हवा, किती दिवसांत यायला हवा, हे ठरवण्याचा अधिकार शेतकऱ्याचा. त्या अधिकारासाठी भांडावं असं मला वाटतं.

विरोधकांचा एकच मुद्दा मी पूर्ण मान्य करतो: प्रतिकारशक्ती कायमची नसते. बुरशी बदलते, जिवाणू बदलतो. एकाच जनुकावर विसंबलेला वाण मोठ्या क्षेत्रावर गेला की त्या जनुकाला चुकवणारा रोगाचा प्रकार वाढीला लागतो. करप्याच्या बाबतीत तर हे जगभर वारंवार झालं आहे. सुधारित सांबा मसुरीतली तीन जनुकं कडा करप्यावरची आहेत, ती बुरशीच्या करप्यावर चालत नाहीत, हेही शेतकऱ्याला स्पष्ट सांगायला हवं. पण यातून निष्कर्ष काय निघतो? काम सोडून द्यावं असा निघत नाही. एकाहून जास्त जनुकं एकत्र बसवावीत आणि रोगावर सतत पाळत ठेवावी, असा निघतो. ही पाळत म्हणजे काय ते साताऱ्याला बाहेरून शिकावं लागणार नाही. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करणारं कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. तांबेऱ्याचे प्रकार बदलतात, जुने वाण बळी पडू लागतात, नवे तपासावे लागतात. त्या सततच्या कामाचं फळ आपण खातो. कोरेगाव तालुक्यातल्या करंजखोपमध्ये पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस ६४७८ हा तांबेऱ्याला प्रतिकारक गहू गेला आणि हेक्टरी २५ ते ३० क्विंटल घेणारे शेतकरी ४५ ते ६० पर्यंत पोचल्याचं केंद्र सरकारने २०२१ मध्ये जाहीर केलं. तेव्हा कुणी म्हटलं नाही की तांबेरा उद्या बदलणारच आहे, तर हा गहू कशाला.

आता माझी खरी तक्रार. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा बासमती १ मध्ये एक्सए१३ आणि एक्सए२१ बसवून सुधारित वाण २००७ मध्ये दिला. २०२१ मध्ये पुसा बासमती १८४७, १८८५ आणि १८८६ आले. १५०९, ११२१ आणि ६ या लोकप्रिय बासमतींचे ते सुधारित अवतार. १८४७ मध्ये कडा करप्याची दोन आणि करप्याची पीआय२ व पीआय५४ ही दोन अशी चार जनुकं आहेत. म्हणजे ज्या दोन रोगांनी आपली खाचरं पोळतात त्या दोन्हींवरचा तोडगा देशातल्या सरकारी संस्थेने, मूळ भाताचा दाणा आणि सुवास राखून, काढून दाखवला आहे. बासमतीच्या मागे निर्यातीचा पैसा आणि पंजाब-हरियाणाचा आवाज आहे. इंद्रायणीच्या मागे शिराळ्याचा, पाटणचा, मावळचा लहान शेतकरी आहे, आणि त्याच्या बाजूने बोलणारी जी मोजकी सुशिक्षित माणसं आहेत ती त्याला सांगताहेत की हे मागूच नकोस. याचं मला मनापासून दुःख होतं.

मागायचं काय ते नेमकेपणाने मागूया. शिराळा, पाटण, जावळी, महाबळेश्वर इथल्या खाचरांतून करपा आणि कडा करप्याचे नमुने गोळा करा आणि आपल्याकडे रोगाचे कोणते प्रकार आहेत ते आधी पाहा, कारण प्रत्येक जनुक प्रत्येक प्रकारावर चालत नाही. त्यावर चालणारी जनुकं इंद्रायणीत आणा, करप्याची किमान दोन आणि कडा करप्याची किमान दोन. लोणावळ्याच्या केंद्रावर करपा इतका येतो की देशभरातल्या भाताच्या ओळी तिथे तपासल्या जातात. त्या कसोटीला नव्या ओळी लावा. पण तेवढ्यावर थांबू नका. चाचणीची प्लॉटं शिराळ्यात धूळवाफ पेरणीवर घ्या, कारण तरव्यावर उत्तम दिसणारा वाण धुळीत पेरल्यावर कसा उगवतो हे केंद्राच्या चिखलात कळणार नाही. त्याच प्लॉटात शेतकऱ्यांनी जपलेले जुने वाणही लावा आणि त्यांचाही डीएनए तपासा. भात शिजवून पाहायला त्या गावातल्या बायकांना बोलवा, आणि त्यांनी ‘ही इंद्रायणी नव्हे’ म्हटलं तर ती ओळ टाकून द्या, मग तिच्यात कितीही जनुकं असोत.

संकर, तीन बॅकक्रॉस, ओळी स्थिर करणं, मग काही हंगामांच्या चाचण्या. वर्षाला दोन पिढ्या घेतल्या तरी हे काम वर्षानुवर्षांचं आहे. म्हणून रोगाचे नमुने याच खरिपात, लोंबी पडायच्या आत गोळा व्हायला हवेत, आणि पहिला संकर येत्या उन्हाळी हंगामात.